पहिला आणि तिसरा शनिवार

कंडक्टरने विचारलंच नाही. मशीनची बटणं दाबली, तिकीट फाडलं आणि योगराजच्या हातात धुळ्याचं तिकीट ठेवून तो मागच्या सीटकडे वळलासुद्धा. योगराजला एरंडोलला उतरायचं होतं. चटईच्या कारखान्यात त्याच्या शेजारच्या मशीनवर असलेल्या सुकदेवचे वडील वारले होते, त्यांचं दहावं होतं. त्यासाठी त्याने पांढरा सदरा घातला होता आणि सुपरवायझरकडून अर्धा दिवस मागून घेतला होता. 'मला एरंडोल पाहिजे' एवढं वाक्य तोंडात तयार होतं. पण नवल कंडक्टर मान वळवून म्हणाला, "काय भाऊ, आज रिकाम्या हाताने? पोरीला काही घेतलं नाही वाटतं." आणि ते वाक्य जिथल्या तिथे राहिलं. खिडकीशी बसलेल्या बाईने पिशवी मांडीवर ओढून त्याला जागा करून दिली. तो बसला. आज महिन्याचा पहिला शनिवार आहे हे सकाळपासून त्याच्या लक्षात नव्हतं. किंवा लक्षात होतं आणि त्याने ते स्वतःला सांगितलं नव्हतं. नवल दोन वर्षं त्याला याच गाडीत, याच दिवशी बघत होता. मधले तीन महिने योगराज आला नाही, याचं त्याने काहीतरी साधं कारण धरलं असणार: आजारपण, कारखान्यातला ओव्हरटाइम, मुलीच्या परीक्षा. जगात एक माणूस अजून असा होता, ज्याच्या हिशेबी योगराजची मुलगी त्याला भेटत होती. त्या माणसाला दुरुस्त करण्याची ताकद योगराजमध्ये नव्हती.

गाडी पाळधीपर्यंत रखडत गेली आणि पुढे मोकळ्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बायांच्या डोक्यावरची फडकी तेवढी हलताना दिसत होती. महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी दुपारी बारा ते दोन या वेळेत न्यायालयातील मुलांच्या खोलीत अर्जदार वडिलांनी मुलीस भेटावे. हे वाक्य त्याला शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं पाठ होतं, आणि प्रतिज्ञेसारखंच त्यातल्या एकेका शब्दाकडे त्याचं लक्ष गेलेलं नव्हतं. त्या वाक्याच्या आधी 'तात्पुरता हुकूम' असं लिहिलं होतं. मेघा कोणाकडे राहील, वडील तिला कधी आणि किती भेटतील, याचा त्याचा मूळ अर्ज धुळ्याच्या कोर्टात चालू असेपर्यंतच तो लागू होता. पण जळगावात कितीतरी गोष्टी तात्पुरत्या होत्या आणि वर्षानुवर्षं चालल्या होत्या. मेहरूण तलावाजवळची त्याची भाड्याची खोली तात्पुरती होती, कारखान्यातली नोकरी तात्पुरती होती, चौकातली पत्र्याची पोलीस चौकी तो शाळेत असल्यापासून तात्पुरती होती. त्याची बायको दिपमाला मेघाला घेऊन धुळ्याला माहेरी गेली, तेव्हा तेही चार दिवसांसाठीच असं दोघं म्हणाले होते. भांडण काही मोठं नव्हतं. ते लांबलं, एवढंच. मग कोणी कोणाला आधी फोन करायचा यावर लांबलं, मग दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी मध्ये पडून ते आणखी लांबवलं आणि शेवटी वकिलांनी त्याला कागदावर जागा दिली.

कोर्टातली ती खोली निळी होती. भिंतीवर कोणीतरी जिराफ काढला होता. त्याची मान छतापर्यंत पोचल्यावर काढणाऱ्याला जागा पुरली नसावी, म्हणून डोकं छताला टेकून आडवं झालं होतं. चाकं गेलेल्या गाड्या, एक ढोल, प्लॅस्टिकच्या बुटक्या खुर्च्या. दाराशी स्टुलावर बेबाबाई बसायची. ती कोर्टाची बाई, लक्ष ठेवायला नेमलेली. तिचं लक्ष बहुतेक मांडीवरच्या लसणावर असायचं. सुरुवातीच्या शनिवारी मेघा भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि योगराज तिच्या दोन वेण्यांमधल्या भांगाकडे बघत बसायचा. दोन तास. मग एकदा भिंतीकडेच बघत ती म्हणाली, "तुमच्या अंगाला चटईचा वास येतो." ते तिचं पहिलं वाक्य. पुढच्या वेळी तो दोनदा अंघोळ करून गेला. तिने जवळ येऊन वास घेतला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "आज येत नाहीये." तेव्हापासून तो कारखान्यातला सदरा तसाच घालून जायला लागला. हळूहळू त्या खोलीला सवयी लागल्या. ती दुकानदार आणि तो गिऱ्हाईक. ती माल महाग सांगायची, तो घासाघीस करायचा, ती म्हणायची, "परवडत नसेल तर दुसरं दुकान बघा," आणि बेबाबाई लसूण सोलता सोलता हसायची. दोन वाजत आले की मेघा स्वतःच दुकान आवरायची. रडणं नाही, काही नाही. तिला ती वेळ शाळेच्या घंटेसारखी कळायची. शेवटच्या शनिवारी तिने त्याचं बोट धरून आपल्या खालच्या दातावर ठेवलं होतं. "हलतोय. बघा." बोटाच्या टोकाखाली तो दात खरंच हलला, ओला, गरम, एखाद्या दोऱ्यावर धरून ठेवल्यासारखा. त्याने घाबरून हात मागे घेतला. "दुखत नाही हो," ती म्हणाली. "पुढच्या वेळी पडलेला असेल." पुढची वेळ आली नाही. अजूनही मशीनवरून सुटणाऱ्या चटईची वीण तपासताना, एखादा सैल धागा बोटाखाली आला की त्याचं बोट क्षणभर थांबायचं आणि मागचा माणूस ओरडायचा, "ओ भाऊ, माल पुढे जाऊ द्या."

त्यानंतर कानबाई आली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी खानदेशात घरोघर बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. त्यांच्या घराण्यात ती चुलत्यांकडे बसायची. या वर्षी योगराजच्या आईने, शेवंताबाईने, ती मागून आपल्या घरी आणली, पारोळ्याजवळच्या गावी. मेघा घरी येऊ दे, तुला माझ्या ओसरीत बसवीन, असं ती बोलून बसली होती. देवी आधी बसवायची की मेघा आधी यायची, याचा तिचाच गोंधळ झाला असावा. सगळी भाऊबंदकी जमली. रोटाचे गहू मोजायला घराण्यातले वडीलधारे सुपडू आबा बसले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याचे रोट करायचे आणि ते एका कुळातल्या माणसांनीच खायचे, अशी त्यांच्याकडची रीत. आबा एकेक नाव घेत परातीत मुठी टाकत होते. लीलाधर, योगराज, सुरतेला गेलेले पुतणे, कोणाचं तरी चार महिन्यांचं पाळण्यातलं पोर. योगराज सहज बोलून गेला, "आबा, एक मूठ मेघाची टाका." आबांनी हात थांबवला आणि मनापासून हसले. "पोरीसनी मूठ ऱ्हास नही रे भो. पोर लोकना घरनी शे." पोरींची मूठ नसते, पोर परक्या घरची, यावर बाकीचेही हसले, त्यात वाईट काही नव्हतं. योगराजही हसला. आईने परात आपल्याकडे ओढली आणि गहू निवडायला घेतले. ज्या पोरीसाठी देवी घरात आणली, तिच्यासाठी त्या परातीत एक दाणा नव्हता. हे त्याला तेव्हा जाणवलं नाही. ते आता जाणवत होतं, एरंडोलच्या अलीकडे गाडी थांबून एका म्हातारीला चढवून घेत असताना, कोणताही संबंध नसताना.

आणि सोमवारी तारीख होती. बडगुजर वकिलांनी शनिवारी फोन करून बजावलं होतं, "हजर राहा. मी असून उपयोग नाही. या कोर्टात पक्षकार स्वतः लागतो. मागच्या दोन तारखांना तुम्ही नव्हता, त्यांनी शेवटची संधी लिहून ठेवलंय." त्या दोन तारखांपैकी एकीला कारखान्याने सोडलं नव्हतं आणि दुसरीला पारोळ्याच्या पुढे गाडी बंद पडली होती. त्याने वडिलांना, नानांना, विचारलं. नाना ओसरीवर आंब्याचं तोरण बांधत होते. "देवीले सोडीसन कोर्टमा जाशी?" ते म्हणाले. "आनि तो वकील तठे काय झोपा काढाले जास का? विसर्जन करीसन मंग जाय." नानांच्या सांगण्यावरून तो थांबला, असं पुढे सगळ्यांना वाटलं आणि योगराजने ते वाटू दिलं. खरं म्हणजे त्याने स्वतःच एक विचार केला होता आणि तो त्याला अगदी सरळ वाटला होता. दिपमालाच्या माहेरीही कानबाई बसते. धुळ्यात त्या सोमवारी गल्लोगल्ली बँड असणार. कोण बाई देवी टाकून कोर्टात येईल? ती येणार नाही, तोही जाणार नाही, साहेब दोघांना पुढची तारीख देतील. सोमवारी साडेअकराच्या सुमारास शेवंताबाई डोक्यावर पाट घेऊन नदीच्या वाटेने चालत होती. पाटावर कानबाई, नारळाला डोळे-नाक लावलेली, नथ घातलेली. पुढे बँड, बाया गाणी म्हणत होत्या आणि योगराज भाऊबंदांच्या घोळक्यात हात वर करून नाचत होता. फोन घरी चार्जिंगला होता. त्याच सुमारास धुळ्यात पट्टेवाल्याने दाराशी येऊन तीनदा नाव पुकारलं. दिपमाला आली होती. घरची देवी आईवर सोपवून, नेसल्या साडीनिशी. "कपाळाला हळदकुंकू तसंच होतं हो तिच्या," बडगुजर वकील नंतर म्हणाले. "साहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा तुमच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मी काय बोलणार?" अर्ज गैरहजेरीमुळे काढून टाकण्यात येत आहे. एवढ्या एका ओळीने दोन वर्षं संपली होती.

सुरुवातीला त्याला वाटलं, अर्ज गेला, हुकूम तर आहे. पुढच्या शनिवारी तो नेहमीसारखा गेला आणि खोलीत कोणी नव्हतं. तेव्हा त्याने दिपमालाला फोन केला. तिचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "दोन वर्षं आणली का नाही? एक शनिवार तरी चुकवला? पावसात आणली, तिला ताप असताना रिक्षा करून आणली. का, तर कोर्टाने सांगितलंय. आता कोर्टच सांगत नाही, तर मी कशाला आणू?" तो म्हणाला, "चूक झाली." ती म्हणाली, "तुम्ही तुमची देवी सांभाळा." मागे मेघाचा आवाज आला, काहीतरी विचारणारा, आणि फोन बंद झाला. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्याने रात्रंदिवस उलटसुलट करून पाहिलं, दिपमालाच्या बोलण्यात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. भांडायला समोर कोणी नसणं हे त्याला नवीन होतं.

बडगुजर वकिलांचं ऑफिस जळगावातच, एका झेरॉक्सच्या दुकानावर. त्या दिवशी उकाडा मरणाचा होता. त्यांनी वर बघून सांगितलं, "लाइट गेली की पंखा बंद. पंख्यात बिघाड नसतो, तरी बंद. तुमचा मूळ अर्ज म्हणजे लाइट, भेटीचा हुकूम म्हणजे पंखा. कळलं?" योगराजला कळलं. त्याच कोर्टात अर्ज पुन्हा चालू करून मागितला. देवकार्य हे पुरेसं कारण नाही, दुसऱ्या बाजूकडेही तेच कार्य होतं आणि ती हजर होती, असं म्हणून तो नामंजूर झाला. मग संभाजीनगरला वरच्या कोर्टात अपील. "आणि अपिलात लाइट आली," योगराजने विचारलं, "तर पंखा आपोआप फिरतो?" वकील खूश झाले. अशिलाने चांगला प्रश्न विचारला की ते खूश व्हायचे. "तिथेच तर मजा आहे. काही निकाल म्हणतात, बटण चालूच होतं, मग फिरणार. काही म्हणतात, नाही, उठून पुन्हा दाबावं लागेल. दोन्ही बाजूंनी निकाल आहेत, आपल्या सोयीचे मी काढून ठेवलेत." "पण लाइट येईपर्यंत?" "येईपर्यंत इन्व्हर्टर मागितलाय ना आपण. अपील चालू आहे तोवर जुना हुकूम जिवंत करा, असा वेगळा अर्ज टाकलाय. तो बोर्डावर आहे, म्हणजे सुनावणीच्या यादीत." तो बोर्डावर होता. दर वेळी तिथल्या वकिलाचा निरोप यायचा, बोर्डावर होता, नंबर लागला नाही. हुकूम मेला म्हणायचा की झोपला, हे ठरवायलाही नंबर लागायला हवा होता. एकदा योगराजने धीर करून विचारलं, "साहेब, भेटू नका असा तर हुकूम नाही ना? मी नुसता गेलो तर?" वकील खुर्चीत पुढे आले. "बंदी नाही. रस्ता सरकारचा आहे. पण गेलात आणि तिथे आरडाओरडा झाला, पोरगी रडली, तिचा मामा फोटो काढून बसला, तर तोच फोटो अपिलात पहिल्या पानावर लागेल. बाप पाठलाग करतो, पोरगी घाबरते. मग इन्व्हर्टरही गेला आणि लाइटही. तुम्ही काही न करणं, हेच सध्या तुम्ही करण्यासारखं आहे."

एरंडोल आलं. गाडी स्टँडात शिरली, माणसं उतरली, दाराशी जांभळ्या लुगड्यातली एक बाई बसायची जागा विचारत होती. योगराजच्या गुडघ्यांनी उठायची तयारी केली होती. स्टँडच्या पलीकडे नदीवर सुकदेव केस काढून बसला असेल, कारखान्यातले चारपाच जण पोचले असतील, 'योगराज कुठे?' म्हणत असतील. नवलने घंटी ओढली. गाडी वळली आणि योगराज गाडीत होता. त्याने ठरवलं नव्हतं. त्याच्या वतीने काहीतरी ठरलं होतं आणि तो त्याच्याबरोबर चालला होता, कोर्टात बसल्यावर चालतं तसं: दोघं जण इंग्रजीत बोलतात, एक जण टाइप करतो, आणि बाहेर आल्यावर वकील सांगतो काय झालं ते. पारोळ्याला नवल त्याच्या शेजारी टेकला आणि बाटलीतलं पाणी प्यायला. "कितवीत गेली आता?" "दुसरीत." "हुशार असेल." "आहे." "माझी दहावीला आहे. समोर बसली तरी दिसत नाही, मोबाइलमध्ये असते. तुमचं बरंय, दोन तास तरी सरळ तोंडाकडे बघते." योगराज हो म्हणाला. मग काचेवर डोकं टेकून त्याने मेघाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. फोटोतला आठवत होता, खोलीतला आठवत नव्हता. वेण्यांमधला भांग आठवत होता, सरळ, पांढरा. माणसाच्या नजरेतून चेहरा असा कडेकडेने झिजतो का, आणि तिच्या नजरेतून त्याचा कुठपर्यंत झिजला असेल? तिथे कोणता वकील, कोणता अर्ज?

कोर्टाच्या आवारात शनिवारची गर्दी होती. मुलांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक जाडसर माणूस बुटक्या खुर्चीवर बसून एका मुलाला फुगा फुगवून देत होता आणि जिराफाखाली मुलाची आई पाठ करून उभी होती. बेबाबाईने योगराजला ओळखलं. तिच्या मांडीवर आज वाटाणे होते. "या दादा," ती सवयीने म्हणाली, आणि मग तिचा चेहरा बदलला. "तुमचं तर बंद झालं ना?" "अपील केलंय." "हां, मग होईल." ती हे सगळ्यांनाच म्हणत असणार. "बसा ना बाहेर बाकावर. आत नका येऊ, माझ्यावर येईल." तो बाकावर बसला. आतून मुलाचं हसू आलं, फुगा फुटल्याचा आवाज आला, पुन्हा हसू. बेबाबाई शेंग सोलत हळूच म्हणाली, "मागे तुमच्या मिसेस आल्या होत्या, कसली तरी नक्कल घ्यायला. पोरगी बरोबर होती. पळत येऊन दारातून आत बघून गेली." "काय म्हणाली?" "काही नाही. आत दुसरेच लोक होते. म्हणाली, माझ्या दुकानात कोण बसलंय?" योगराज उठला. बेबाबाई पुढे काहीतरी बोलत होती, तो जिना उतरत होता.

पांझरेच्या पुलावरून तो देवपूरकडे चालत निघाला. पाण्याला वास होता आणि ऊन पाठीवर होतं. नुसतं घर बघून परत यायचं, असं तो स्वतःशी म्हणत होता. रस्ता सरकारचा आहे. दिपमालाच्या भावाची, भूषणची, मोटारसायकल दारात असेल तर थांबायचंच नाही. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. तिथून ते घर तिरकं दिसायचं: हिरवं फाटक, दोरीवर कपडे, त्यात एक लहान फ्रॉक. मोटारसायकल नव्हती. उभं राहायला काहीतरी कारण हवं म्हणून त्याने पाण्याची बाटली घेतली आणि दुकानाच्या छपराखाली थांबला. दुकानदार मोबाइलवर क्रिकेट बघत होता. बाटली अर्धी झाली. मग हिरवं फाटक वाजलं आणि मेघा रस्ता ओलांडून सरळ त्याच्याच दिशेने आली, हातात स्टीलचा डबा, पायात आईच्या मोठ्या चपला. त्याला लपावंसं वाटलं. लपायला खांबही नव्हता.

"काका, पावशेर जाडी शेव. भाजीची." डबा फळीवर ठेवताना तिने बाजूला पाहिलं. ती उंच झाली होती. वेण्या नव्हत्या, केस कापले होते.

"तुम्ही?"

"हं."

तिने गल्लीत इकडे तिकडे बघितलं. "खोली इकडे आणली का?"

"नाही. खोली तिकडेच आहे."

"मग तुम्ही इथे कसे?"

"असंच. या बाजूला काम होतं."

तिने त्याच्या सदऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोण मेलं?"

"एक आजोबा. तुझ्या ओळखीचे नाहीत."

"मम्मी म्हणते, तुमचे शनिवार संपले."

"संपले नाहीत. बंद आहेत. मोठ्या कोर्टात विचारलंय आपण, परत चालू करता का म्हणून."

"मग ते काय म्हणाले?"

"अजून काही म्हणाले नाहीत."

तिने विचार केला. "त्यांना ऐकू गेलं का पण?"

तो हसला आणि त्याने बाटली तोंडाला लावली. दुकानदाराने न बघताच शेव तोलली, डब्यात ओतली, झाकण दाबलं. आता ती जाणार. दोन तासांची सवय असलेल्या माणसाला एवढ्या वेळात काय बोलावं ते सुचेना. तिचे केस कोणी कापले, शाळेत शेजारी कोण बसतं, दुकान कसं चाललंय, असं सगळं एकदम तोंडाशी येऊन अडकलं होतं. त्याने हात पुढे केला आणि तिच्या डोक्यावर ठेवण्याआधीच थांबवला, कारण वरच्या मजल्यावर कोणाची तरी खिडकी उघडी होती. मेघाने तो थांबलेला हात पाहिला. मग त्या खिडकीकडे पाहिलं. आणि डबा छातीशी धरून एक पाऊल जवळ येत ती अगदी हळू, मोठ्या माणसासारखी म्हणाली, "मी सांगणार नाही कोणाला."

सांग, असं त्याला म्हणायचं होतं. जा आणि मम्मीला सांग, पप्पा आले होते, दुकानावर उभे होते, मी बोलले त्यांच्याशी. लपवण्यासारखं यात काही नाही, मी तुझा बाप आहे. सगळं वाक्य त्याच्यापाशी होतं. पण त्याच वेळी त्याला अपिलाचं पहिलं पान दिसत होतं, आणि बडगुजर वकिलांची खुर्चीत पुढे आलेली मान. सांग म्हटलं तर आज संध्याकाळी भूषणला कळेल, सोमवारी त्यांच्या वकिलाला. सांगू नको म्हटलं, तर सात वर्षांच्या पोरीला तो आपल्या हाताने खोटं शिकवणार. तिने तर त्याला विचारलंही नव्हतं. तिचं ठरलं होतं. कोर्टाने, आईने, त्याने जे कोणीच धड ठरवलं नव्हतं, ते तिने शेव तोलून होईपर्यंत ठरवून टाकलं होतं. "मेघा," तो म्हणाला. ती वळली होती. मोठ्या चपला फटफटत ती रस्ता ओलांडून गेली. एकदाही मागे न बघता, जितकी काळजी घेऊन न बघता येईल तितकी. फाटक वाजलं.

"इतका वेळ?" आतून दिपमालाचा आवाज आला. "कोणाशी बोलत होतीस गं?"

योगराजने श्वास धरला.

"कोणाशीच नाही," मेघा म्हणाली. आवाज अगदी साधा होता, त्यात कुठेही अडखळणं नव्हतं. छपराखाली उभ्या योगराजला तो स्वच्छ ऐकू आला, त्याचे खांदे सैल पडले, धरलेला श्वास सुटला आणि त्याला हायसं वाटलं.